झाकण लावूनही लॅपटॉप तापतो, हायबरनेटनंतर सगळं कोरं: लिनक्सवर नेमकं काय तपासायचं

एकांनी पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा. लॅपटॉप बाराव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचा, रॅम १६ जीबी, त्यावर उबुंटू २४.०४ हे लिनक्स आणि शेजारी विंडोज ११. झाकण लावून बॅगेत टाकला, नाशिकहून पुण्यापर्यंत एसटीचा पाच तासांचा प्रवास झाला, उतरून बघतात तर यंत्र गरम आणि बॅटरी ९५ टक्क्यांवरून ४० वर. म्हणून हायबरनेटकडे, म्हणजे रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून यंत्र पूर्ण बंद करण्याकडे, वळले. एक व्हिडिओ बघून १६ जीबीची स्वॅप फाइल (रॅमला पूरक अशी डिस्कवरची राखीव जागा) केली. आज्ञा दिली की लॅपटॉप शहाण्यासारखा बंद होतो, पण चालू केला की सगळं नव्यानं सुरू, आधीच्या खिडक्या गायब. मधल्या काळात कुणाच्या तरी सल्ल्यानं ग्रबमध्ये (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्राममध्ये) 'मेम_स्लीप_डिफॉल्ट=डीप' टाकून झालं, काडीचाही फरक नाही. शेवटी विचारलंय, "लिनक्सवर हे चालतच नाही का?"

चालतं. पण तुम्ही दोन वेगळ्या तक्रारी एकाच पोत्यात भरल्या आहेत. सस्पेंडचा, म्हणजे रॅम चालू ठेवून झोपण्याचा, प्रश्न तुमच्या यंत्राच्या हार्डवेअरचा आणि फर्मवेअरचा (यंत्रातच बसवलेल्या मूळ सॉफ्टवेअरचा) आहे आणि तो किती सुटेल हे यंत्रावर अवलंबून आहे. हायबरनेटचा प्रश्न निव्वळ मांडणीचा आहे आणि तो तासाभरात सुटायला हवा. लोक आधी सस्पेंडमागे आठवडे घालवतात. माझा क्रम नेहमी उलटा असतो: आधी हायबरनेट पक्कं करायचं, मग सस्पेंड जमेल तेवढं सुधारायचं, मग दोन्ही जोडून टाकायचे. जोडल्यावर सस्पेंड थोडं कच्चं राहिलं तरी बॅटरी रिकामी होत नाही.

एक सोयीची गोष्ट आधी सांगतो: आज्ञा आणि फाइलींची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. टर्मिनलवर ती अर्थात रोमन अक्षरांत टाकायची.

आता तुमचे आकडे बघू, कारण त्यांतच अर्धं निदान आहे. तुमच्या बॅटरीची क्षमता तुम्ही लिहिलेली नाही, ५० वॉट-तास धरू. ५५ टक्के म्हणजे साडेसत्तावीस वॉट-तास. ते पाच तासांत गेले, म्हणजे सरासरी साडेपाच वॉट. असा लॅपटॉप पडदा बंद करून, काहीही न करता नुसता जागा ठेवला तरी साधारण तेवढंच खातो. नीट झोपलेल्या यंत्राचा खर्च एका वॉटच्या खाली असायला हवा. अर्ध्या वॉटनं हीच बॅटरी १०० तास पुरली असती. म्हणजे तुमचं यंत्र बॅगेत 'कमी झोपलं' असं नाही, हिशेबाच्या दृष्टीनं ते जागंच होतं. बॅगेत हवा खेळत नाही, तेव्हा ते तापणारच.

ते जागं का राहिलं, याची तीन कारणं संभवतात आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. एक, ते झोपायला गेलंच नाही. दोन, झोपलं, पण कशानं तरी वारंवार उठत राहिलं. तीन, कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) मते झोपलं, पण चिप खरोखरच्या कमी-वीज अवस्थेत उतरलीच नाही. यातलं कुठलं हे कळल्याशिवाय एकही पॅरामीटर बदलू नका. ग्रबमधली ती 'डीप'वाली ओळ पण आधी काढून टाका.

ती ओळ का चालली नाही तेही सांगतो, कारण इंटरनेटवर निम्म्या लोकांना हाच सल्ला मिळतो. पूर्वीच्या लॅपटॉपांत सस्पेंड म्हणजे एसीपीआय या वीज-व्यवस्थापनाच्या मानकातली एस३ अवस्था. फर्मवेअर स्वतः सगळं बंद करायचं, फक्त रॅमला वीज चालू ठेवायची. लिनक्समध्ये तिलाच 'डीप' म्हणतात. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर मायक्रोसॉफ्टनं फोनसारखी झोप आणली, पुढे विंडोज १० मध्ये तिचं नाव मॉडर्न स्टँडबाय झालं. यात यंत्र तांत्रिकदृष्ट्या चालूच असतं, फक्त प्रत्येक भाग आपापला निजतो. लिनक्समधली तिची जोडी म्हणजे 'एसटूआयडल'. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढे बहुतेक उत्पादकांनी फर्मवेअरमधून एस३ काढूनच टाकली. तुमच्याकडे आहे का ते बघायला डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांच्या यादीत) 'एसीपीआय: पीएम:' नं सुरू होणारी 'सपोर्ट्स'ची ओळ शोधा. तिथे 'एस० एस३ एस४ एस५' असेल तर डीप शक्य आहे. 'एस० एस४ एस५' असेल तर नाही. जे फर्मवेअरनं दिलेलंच नाही ते कर्नलला पॅरामीटर देऊन उगवत नाही. /सिस/पॉवर/मेम_स्लीप ही फाइल वाचली तरी तेच दिसेल: तिथे 'एसटूआयडल' एकटंच असेल तर डीपचा विषय संपला.

याला एक अपवाद आहे. काही यंत्रांच्या बायोसमध्ये (फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये) 'स्लीप स्टेट' नावाचा पर्याय असतो आणि त्यात 'लिनक्स' किंवा 'एस३' निवडता येतं. काही थिंकपॅडवर तो मिळतो. एकदा बायोसमध्ये शिरून बघून घ्या. नसेल तर हळहळत बसू नका. बायोसमधले लपवलेले पर्याय उघडून एस३ जबरदस्तीनं चालू करण्याच्या युक्त्या तुम्हाला सापडतील. उत्पादकानं जी अवस्था तपासलेलीच नाही तिच्यातून यंत्र परत उठेल याची खात्री कुणी देत नाही. कामाच्या लॅपटॉपवर मी ते करत नाही.

आता हायबरनेट. तुमचं लक्षण फार बोलकं आहे: आज्ञा दिल्यावर यंत्र बंद होतं. याचा अर्थ रॅमची प्रतिमा स्वॅपवर लिहिली जातेय, जागा पुरतेय आणि सिक्युअर बूट (फक्त सही केलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी फर्मवेअरची सोय) आड आलेला नाही. सिक्युअर बूट चालू असता तर उबुंटूच्या कर्नलनं लॉकडाउन या सुरक्षा-बंधनामुळे हायबरनेटला सरळ नकार दिला असता आणि /सिस/पॉवर/डिस्क या फाइलीत 'डिसेबल्ड' दिसलं असतं. जागा कमी असती तर सिस्टमडीनं (लिनक्समधल्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रामनं) तिथेच हात वर केले असते. तेव्हा लिहिण्यात खोट नाही, वाचण्यात आहे. यंत्र पुन्हा चालू होतं तेव्हा सुरुवातीच्या इनिटरॅमएफएसला (बूटच्या पहिल्या टप्प्यातल्या छोट्या प्रणालीला) कुणी सांगितलेलंच नाही की अमुक डिस्कवर, अमुक जागी प्रतिमा ठेवलेली आहे. ते बिचारं नेहमीसारखं बूट करतं. पुढे स्वॅप चालू करताना स्वॅपऑन या प्रोग्रामला दिसतं की इथे हायबरनेटची खूण आहे. ते खूण पुसून नवी स्वॅप सही लिहितं आणि तुमच्या खिडक्या कायमच्या जातात. जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टमडीच्या नोंदवहीत, शोधलंत तर 'सॉफ्टवेअर सस्पेंड डेटा डिटेक्टेड, रीरायटिंग द स्वॅप सिग्नेचर' अशी ओळ सापडेल. ती सापडली की निदानावर शिक्कामोर्तब.

उपाय म्हणजे कर्नलला दोन गोष्टी सांगायच्या: कुठलं पार्टिशन (डिस्कचा भाग), आणि त्या पार्टिशनवर स्वॅप फाइल नेमकी कुठून सुरू होते. पहिल्यासाठी स्वॅप फाइल ज्या पार्टिशनवर आहे त्याचा यूयूआयडी (ओळख-क्रमांक) लागतो. 'फाइंडमाउंट'ला, म्हणजे एफआयएनडीएमएनटी या आज्ञेला, '-एनओ यूयूआयडी -टी' (यातला टी मोठ्या लिपीतला) देऊन स्वॅप फाइलचा मार्ग सांगितला की तो मिळतो. लक्षात घ्या, स्वॅप फाइलचा स्वतःचा म्हणून एक यूयूआयडी स्वॅप तयार करणारं एमकेस्वॅप छापतं. तो इथे चालत नाही. हायबरनेटच्या बिघडलेल्या मांडणीत मला सगळ्यात जास्त वेळा हीच चूक दिसते.

दुसरी गोष्ट म्हणजे ऑफसेट, त्या सुरुवातीच्या जागेचा आकडा. ईएक्सटी४ फाइलसिस्टमवर असाल तर सुडो लावून (म्हणजे रूटच्या अधिकारानं) 'फाइलफ्रॅग -व्ही' ला स्वॅप फाइलचा मार्ग द्या. एक तक्ता येईल. पहिल्या ओळीत, जिथे डावीकडे शून्य क्रमांक आहे, तिथे आधी 'लॉजिकल ऑफसेट'ची जोडी असते आणि मग 'फिजिकल ऑफसेट'ची. आपल्याला दुसऱ्या जोडीतला पहिला आकडा हवा, दोन टिंबांच्या आधीचा. लॉजिकल ऑफसेटचा पहिला आकडा शून्य असतो. तो उचललात तर कर्नल पार्टिशनच्या अगदी सुरुवातीला प्रतिमा शोधेल आणि त्याला काही मिळणार नाही. फाइलसिस्टम बीटीआरएफएस असेल तर फाइलफ्रॅगचा आकडा चुकीचा निघतो. तिथे 'बीटीआरएफएस इन्स्पेक्ट-इंटर्नल मॅप-स्वॅपफाइल -आर' हीच आज्ञा वापरा आणि फाइलही 'बीटीआरएफएस फाइलसिस्टम एमकेस्वॅपफाइल'नं केलेली असू द्या.

आता /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब उघडा. 'ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स_डिफॉल्ट'च्या अवतरणात 'रिझ्यूम=यूयूआयडी=' आणि त्याला चिकटून तो यूयूआयडी, मग एक जागा सोडून 'रिझ्यूम_ऑफसेट=' आणि तो आकडा. जतन करा, अपडेट-ग्रब चालवा. त्यानंतर /ईटीसी/इनिटरॅमएफएस-टूल्स/कॉन्फ.डी/ मध्ये 'रिझ्यूम' नावाची फाइल आहे का बघा. जुन्या, आता अस्तित्वात नसलेल्या स्वॅप पार्टिशनचा उल्लेख तिथे पडून राहिलेला असतो आणि मग दर बूटला यंत्र त्या पार्टिशनची वाट बघत अर्धा मिनिट थांबतं. असेल तर नवा यूयूआयडी घाला. शेवटी अपडेट-इनिटरॅमएफएसला '-यू -के ऑल' देऊन चालवा आणि एकदा साधं रीस्टार्ट करा.

हे उबुंटू आणि डेबियनचं झालं. आर्च या लिनक्सवर इनिटरॅमएफएस बनवणाऱ्या एमकेइनिटसीपीआयओच्या हुक्समध्ये (टप्प्यांच्या यादीत) 'रिझ्यूम' हा हुक घालावा लागतो, आणि तो डिस्क उघडणाऱ्या हुकांच्या नंतर पण 'फाइलसिस्टम्स'च्या आधी असावा लागतो. तिथे सिस्टमडीवर चालणारं इनिटरॅमएफएस असेल तर नवी सिस्टमडी जागेची नोंद यूईएफआयच्या (फर्मवेअरच्या) व्हेरिएबलमध्ये ठेवते आणि पॅरामीटर देण्याची गरजही पडत नाही. फेडोरावर वेगळीच गंमत: फेडोरा ३३ पासून तिथे मुळातली स्वॅप झेडरॅमची, म्हणजे रॅममध्येच असते. वीज गेली की तीही जाते, तेव्हा डिस्कवर वेगळी स्वॅप केल्याशिवाय हायबरनेट अशक्य.

आकाराबद्दल नेहमी वाद होतो. कर्नल प्रतिमा रॅमच्या दोन-पंचमांशांपर्यंत आटवायचा प्रयत्न करतो आणि लिहिताना ती दाबतोही, त्यामुळे १६ जीबी रॅमला ८ जीबी स्वॅप पुष्कळदा पुरते. पण त्याच स्वॅपमध्ये रॅममधली काही पानं (मेमरीचे तुकडे) आधीच गेलेली असतात, आणि ब्राउझरच्या पन्नास टॅब उघडून बसलेल्या दिवशीच ती अपुरी पडते. रॅमएवढी स्वॅप ठेवा. तुम्ही ठेवली आहेच.

चाचणी लगेच खऱ्या हायबरनेटनं करू नका. /सिस/पॉवर/डिस्क मध्ये 'टेस्ट_रिझ्यूम' लिहा आणि मग /सिस/पॉवर/स्टेट मध्ये 'डिस्क' लिहा. दोन्ही रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून. कर्नल प्रतिमा डिस्कवर लिहील आणि यंत्र बंद न करता तीच परत वाचून पुढे चालू होईल. एवढं जमलं म्हणजे लिहिणं-वाचणं आणि ड्रायव्हर ठीक आहेत. मग सिस्टमसीटीएल हायबरनेट. बंद झाल्यावर मिनिटभर थांबून चालू करा. ग्रबमध्ये उबुंटूच निवडायचं. खिडक्या जशाच्या तशा आल्या की झालं. यंत्र प्रतिमा लिहून पडदा काळा करतं पण दिवा विझत नाही, पंखा फिरत राहतो, असं झालं तर /ईटीसी/सिस्टमडी/स्लीप.कॉन्फ मध्ये 'हायबरनेटमोड=शटडाउन' करून बघा. काही फर्मवेअरना एस४चा, म्हणजे हायबरनेटच्या अवस्थेचा, औपचारिक रस्ता पचत नाही, साधं बंद करणं पचतं.

विंडोज शेजारी आहे म्हणून एक इशारा, आणि हा मी गांभीर्यानं देतोय. लिनक्स हायबरनेट केलेलं असताना विंडोजमध्ये शिरून दोघांच्या सामाईक एनटीएफएस (विंडोजच्या फाइलसिस्टमच्या) पार्टिशनवर काही लिहिलंत, आणि ते पार्टिशन लिनक्समध्ये माउंट केलेलं, म्हणजे जोडलेलं, होतं, तर परत आल्यावर लिनक्स आपल्या आठवणीतल्या जुन्या नकाशानुसार लिहायला लागेल. त्यात फाइलसिस्टम खराब होते, आणि ही भीती कागदावरची नाही. उलट बाजूनंही तेच: विंडोजचं फास्ट स्टार्टअप हे अर्धं हायबरनेशनच असतं, ते बंद करून टाका. सामाईक पार्टिशन लिनक्समध्ये कायम माउंट ठेवू नका, लागेल तेव्हा लावा, काम झालं की काढा.

सिक्युअर बूटचंही इथेच सांगून टाकतो. तुमचा बंद दिसतोय. पुढे कधी विंडोजच्या कुठल्या खेळासाठी किंवा ऑफिसच्या धोरणासाठी तो चालू केलात तर हायबरनेट त्याच दिवशी थांबेल. आणि तो चालू-बंद करण्याआधी विंडोजच्या डिस्क एन्क्रिप्शनची रिकव्हरी की काढून कागदावर लिहून ठेवा, बिटलॉकर ती हमखास ऐन वेळी मागतो. दुसरं, तुमची लिनक्सची डिस्क एन्क्रिप्टेड नसेल तर हायबरनेटच्या प्रतिमेत रॅममधलं सगळं, म्हणजे पासवर्ड आणि उघडी कागदपत्रंसुद्धा, उघड्यावर डिस्कवर लिहिलं जातं. बॅग हरवण्याची शक्यता असलेल्या माणसानं एलयूकेएस हे लिनक्सचं डिस्क एन्क्रिप्शन घ्यावं आणि स्वॅप त्याच कुलपाच्या आत ठेवावी. दर बूटला नव्या यादृच्छिक किल्लीनं बंद होणारी स्वॅप मात्र हायबरनेटला उपयोगाची नाही, कारण किल्लीच उरत नाही.

आता परत सस्पेंडकडे, त्या तीन शक्यतांकडे.

लॅपटॉप चार्जरवरून काढा, झाकण लावा, वीस-पंचवीस मिनिटं टेबलावरच ठेवा. उघडा आणि जर्नलमध्ये 'पीएम: सस्पेंड एंट्री' आणि 'पीएम: सस्पेंड एक्झिट' या ओळी शोधा. एंट्रीच नाही, म्हणजे यंत्र झोपायला गेलं नाही. तेव्हा 'सिस्टमडी-इनहिबिट --लिस्ट' चालवून कोण अडवतंय ते बघा. आणि झाकण लावताना बाहेरचा मॉनिटर किंवा प्रोजेक्टर जोडलेला होता का ते आठवा. दुसरा पडदा जोडलेला असेल तर लॉगइनडी (झाकण सांभाळणारी सिस्टमडीची सेवा) मुळातच झाकणाकडे दुर्लक्ष करते. एंट्री-एक्झिटच्या अनेक जोड्या दिसल्या, तर कुणीतरी उठवतंय. आणि एकच जोडी, झाकण लावलं तेव्हाची एंट्री नि उघडलं तेव्हाची एक्झिट, तर तिसरी शक्यता.

इथे वेळा वाचताना एक खाचखळगा आहे. एंट्रीनंतर लगेच नोंदी ठेवणारी जर्नलडीसुद्धा गोठते, त्यामुळे झोपेच्या तोंडच्या कर्नलच्या काही ओळींवर उठल्यानंतरची वेळ छापली जाते. दोन्ही ओळी एकाच सेकंदाच्या दिसल्या म्हणून यंत्र झोपलंच नाही असं समजू नका. त्यांच्या आजूबाजूच्या सिस्टमडी-स्लीपच्या ओळींची वेळ बघा, ती विश्वासाची.

माझा अंदाज तुमचं प्रकरण तिसऱ्यात जाईल. तो पडताळायला उबुंटू २४.०४ च्या कर्नलमध्ये एक फार उपयोगी फाइल आहे: /सिस/पॉवर/सस्पेंड_स्टॅट्स/लास्ट_एचडब्ल्यू_स्लीप. शेवटच्या सस्पेंडमध्ये हार्डवेअर खरोखर किती काळ निजलं होतं, ते ती मायक्रोसेकंदांत सांगते. वीस मिनिटं म्हणजे १२० कोटी. तिथे ११० कोटींच्या वर काही दिसलं तर झोप उत्तम आहे आणि चोर दुसरीकडे आहे. शून्य दिसलं तर कर्नल झोपला आणि चिप जागी राहिली, हे सिद्ध झालं.

एसटूआयडलचं दुखणं हेच. घरातले सगळे झोपल्याशिवाय दिवा मालवायचा नाही, असा त्याचा नियम आहे. एनव्हीएमई डिस्क, कार्ड रीडर, ग्राफिक्स, यूएसबी, थंडरबोल्ट, यांतला एक जरी जागा राहिला तरी पूर्ण चिप वरच्याच अवस्थेत अडकते. कोण जागा आहे हे शोधणं हेच खरं काम, आणि ते यंत्रागणिक बदलतं, म्हणून दुसऱ्याच्या यंत्रावर चाललेला पॅरामीटर तुमच्यावर चालेलच असं नाही. मी या क्रमानं जातो. आधी फर्मवेअर अद्ययावत करतो, लिनक्समधल्या एफडब्ल्यूअपडी या फर्मवेअर बदलणाऱ्या प्रोग्राममधून मिळालं तर तिथून, नाहीतर विंडोजमधून. मग सगळी बाह्य उपकरणं काढून, एसडी कार्डसुद्धा काढून, तीच वीस मिनिटांची चाचणी. मग पॉवरटॉप या वीजखर्च मोजणाऱ्या प्रोग्राममध्ये पडदा बंद असताना प्रोसेसरचं पॅकेज 'सी१०' या सगळ्यात गाढ अवस्थेपर्यंत पोचतं का ते बघतो. जागेपणी जे तिथवर पोचत नाही ते पुष्कळदा झोपेतही पोचत नाही. त्यानंतर डीमेसेजमध्ये ग्राफिक्सचं फर्मवेअर लोड झालं का ते बघतो. आय९१५ या इंटेलच्या ग्राफिक्स ड्रायव्हरच्या डीएमसी फर्मवेअरची तक्रार असेल तर तिथेच घोडं अडलेलं असतं.

बायोसमध्ये डिस्क 'व्हीएमडी' किंवा 'आरएसटी' (डिस्क हाताळण्याच्या इंटेलच्या पद्धती) अवस्थेत असेल तर संशयाची सुई तिकडेही वळते. पण ती अवस्था सहज म्हणून बदलू नका. विंडोज त्या अवस्थेत बसवलेलं असेल तर बदलल्यावर ते बूटच होणार नाही. आधी विंडोज सेफ मोडमध्ये नेण्याची तयारी करावी लागते.

एक सोपी तुलनाही करून बघा. त्याच लॅपटॉपवर विंडोजमध्ये झाकण लावून तासभर ठेवा आणि नंतर 'पॉवरसीएफजी /स्लीपस्टडी'चा अहवाल काढा. विंडोजमध्येही यंत्र तापत असेल, तर दोष लिनक्सचा नाही आणि तुम्ही कर्नलमध्ये कितीही खोदलंत तरी पाणी लागणार नाही. विंडोजमध्ये उत्तम आणि लिनक्समध्ये शून्य, तर ड्रायव्हरचा मामला आहे. नवा कर्नल लाइव्ह यूएसबीवरून चालवून तीच चाचणी करणं मग सार्थकी लागतं.

वारंवार उठण्याचा मामला निघाला तर तो त्यामानानं सोपा. उठल्यावर लगेच /सिस/पॉवर/पीएम_वेकअप_आयआरक्यू वाचा. तिथला क्रमांक /प्रॉक/इंटरप्ट्समध्ये शोधला की कुठल्या उपकरणानं हाक दिली ते कळतं. बिनतारी माउसचा यूएसबी रिसीव्हर लॅपटॉपलाच लावून बॅगेत टाकणं हे नेहमीचं कारण: बॅग हलली की माउस हलतो, माउस हलला की लॅपटॉप उठतो. रिसीव्हर काढा, किंवा /प्रॉक/एसीपीआय/वेकअप मध्ये 'एक्सएचसी'पासून सुरू होणारं नाव लिहून यूएसबीचा उठवण्याचा अधिकार काढून घ्या. तेच नाव पुन्हा लिहिलं तर अधिकार परत मिळतो, आणि रीस्टार्टनंतरही तो आपोआप परत येतो, म्हणून टिकवायचं असेल तर छोटी सिस्टमडी सर्व्हिस करावी लागते.

तुमच्या यंत्रात एनव्हिडियाचं ग्राफिक्स असल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. असेल आणि उठल्यावर पडदा काळा किंवा चित्र फाटलेलं दिसत असेल, तर त्यांच्या ड्रायव्हरच्या सस्पेंड, हायबरनेट आणि रिझ्यूम या तिन्ही सर्व्हिसेस चालू आहेत का आणि व्हिडिओ मेमरी जपण्याचं मॉड्यूल पॅरामीटर, 'प्रिझर्व्हव्हिडिओमेमरीअ‍ॅलोकेशन्स', एक आहे का ते बघा.

इथवर हायबरनेट पक्कं आणि सस्पेंड जमेल तेवढं बरं झालं असेल. आता जोडणी. स्लीप.कॉन्फ मध्ये 'हायबरनेटडिलेसेक=३०मिन' आणि लॉगइनडी.कॉन्फ मध्ये 'हँडललिडस्विच=सस्पेंड-देन-हायबरनेट' करा, रीस्टार्ट करा. झाकण लावल्यावर यंत्र आधी सस्पेंड होईल, अर्ध्या तासानं स्वतःच उठून रॅम डिस्कवर लिहील आणि पूर्ण बंद होईल. चहाला उठलात तर लगेच परत येतं, प्रवासाला निघालात तर नगर जिल्ह्यात शिरण्याआधी बंद झालेलं असतं. केडीई हा डेस्कटॉप वापरत असाल तर झाकणाचा कारभार तिथल्या पॉवर सेटिंगकडे असतो, बदल तिथे करा, लॉगइनडीत करून उपयोग नाही.

ही सगळी युक्ती घड्याळाच्या गजरावर उभी आहे, म्हणून गजर वाजतो का हे आधी तपासा: सुडो 'आरटीसीवेक -एम मेम -एस ६०'. यंत्र झोपून मिनिटानं आपणहून उठलं पाहिजे. न उठल्यास सस्पेंड-देन-हायबरनेटवर विसंबू नका, कारण मग ते बॅगेत सस्पेंडमध्येच बसून राहील, म्हणजे तुमची मूळची तक्रार.

गजर वाजत नसेल, किंवा लास्ट_एचडब्ल्यू_स्लीप सगळं करूनही शून्यावरच अडलं असेल, तर मी सरळ 'हँडललिडस्विच=हायबरनेट' करून देतो. एनव्हीएमई डिस्कवर परत यायला लागणारा वेळ साध्या बूटपेक्षा फार जास्त नसतो, आणि समोर आपलं काम उघडं असतं. यानं एसएसडी लवकर झिजेल अशी शंका बरेच जण काढतात. हिशेब करा: १६ जीबी रॅमची प्रतिमा साधारण साडेसहा जीबीच्या आत, दिवसातून चारदा हायबरनेट केलं तरी २६ जीबी, वर्षाला साडेनऊ टीबी. ५०० जीबीच्या अनेक डिस्कांची लिहिण्याची हमीच ३०० टीबीच्या आसपास असते. तेवढं लिहून होईपर्यंत तुम्ही लॅपटॉप बदललेला असेल.